धारवाडची मोजपट्टी, बंगळुरूचा दवाखाना : मुलांच्या बुद्धिमापनाची गोष्ट



आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आजचा विषय आहे एक आकडा. पालकांच्या फायलीत एका कागदावर लिहिलेला, दोन किंवा तीन अंकी. त्याला आपण बुद्ध्यंक म्हणतो, इंग्रजीत आय. क्यू.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बंगळुरूत होसूर रस्त्यावर निम्हान्स ही मोठी संस्था आहे. मेंदूचे आणि मनाचे आजार यांसाठी देशभरातून लोक तिथे येतात. समजा, कामानिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब अशाच एखाद्या दवाखान्याच्या बाकावर बसले आहे. मुलगा आठ वर्षांचा. शाळेने सांगितले, "मागे पडतोय, एकदा तपासून घ्या." घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला गेला की कन्नड आणि हिंदी. मानसशास्त्रज्ञ बाई आत बोलावतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "घरी याच्याशी कोणत्या भाषेत बोलता?"

आईला वाटते, सहज विचारले असेल. पण त्या प्रश्नामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो पॅरिसमध्ये सुरू होतो, धारवाडमार्गे आणि नागपूरमार्गे बंगळुरूच्या त्या खोलीपर्यंत येतो. तो समजला तर कागदावरचा आकडा कसा वाचायचा, हेही समजते. म्हणून आजची गोष्ट.

पॅरिस : मदत कुणाला हवी?

फ्रान्समध्ये सर्व मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि सरकारपुढे नवी अडचण उभी राहिली. वर्गात काही मुले इतरांबरोबर चालू शकत नव्हती. अशा मुलांसाठी वेगळी शिकवणी हवी होती. पण ती मुले ओळखायची कशी? गुरुजींच्या मतावर? डॉक्टरांच्या नजरेवर? दोघांचे एकमत होत नसे. १९०४ साली सरकारने या प्रश्नासाठी एक समिती नेमली. आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ त्या कामात होते.

१९०५ साली बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी ३० छोट्या कामांची एक चाचणी मांडली. सोप्यापासून अवघडापर्यंत. सांगितलेले आकडे पुन्हा म्हणणे, चित्रातल्या वस्तू ओळखणे, दोन गोष्टींतला फरक सांगणे, अशी कामे. १९०८ साली त्यांनी ही कामे वयाप्रमाणे लावली. सात वर्षांची बहुतेक मुले जे करू शकतात ते सातव्या वर्षाचे काम. मग आठ वर्षांचे मूल सहा वर्षांपर्यंतचीच कामे करत असेल, तर त्याचे मानसिक वय सहा.

बिने यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. बुद्धी ही जन्मजात ठरलेली आणि कधीही न बदलणारी वस्तू आहे, असे मानू नका. मागे पडणाऱ्या मुलाला योग्य सराव आणि शिकवण दिली तर ते पुढे येते. चाचणी त्यासाठीच आहे. १९११ साली बिने वारले. त्यांची मोजपट्टी मात्र जगभर गेली, आणि इशारा मागे राहिला.

मोजपट्टीचा शिक्का कसा झाला

१९१२ साली जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी सुचवले की मानसिक वयाला खऱ्या वयाने भागावे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी १९१६ साली चाचणीची नवी आवृत्ती काढली आणि त्या भागाकाराला १०० ने गुणले. झाला बुद्ध्यंक तयार. आपल्या उदाहरणातल्या मुलाचे मानसिक वय सहा, खरे वय आठ. सहा भागिले आठ, गुणिले शंभर. उत्तर ७५.

हिशेब सोपा, म्हणून मोहक. पण पाहा काय झाले. 'हे मूल सहा वर्षांच्या मुलाची कामे करते' हे वाक्य शिक्षकाला काहीतरी सांगते. पुढचे काम कोणते द्यायचे ते कळते. '७५' हा आकडा काहीच सांगत नाही, तो फक्त रांगेतली जागा दाखवतो. अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांच्यासारख्या मंडळींनी बुद्धी ही आनुवंशिक आणि पक्की आहे असे धरले आणि या आकड्यांनी माणसांची प्रतवारी सुरू केली. 'मंदबुद्धी' ठरवलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करणारे कायदे अनेक राज्यांनी केले. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा एका कायद्याला मान्यताही दिली. मदतीसाठी बनवलेली पट्टी वीसेक वर्षांत कुठे पोचली, हे लक्षात ठेवू या.

धारवाड : दोन भाषांची एक चाचणी

आता आपल्याकडे येऊ. कलकत्ता विद्यापीठात १९१६च्या सुमारास मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला. म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली. म्हैसूरचे प्रमुख डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून आले होते. 'आकाशवाणी' या नावाचे रेडिओ केंद्र म्हैसूरला सुरू करणारे तेच हे गोपालस्वामी. लाहोरला सी. एच. राइस यांनी १९२०च्या दशकात बिने चाचणीचे हिंदुस्थानी रूप तयार केले.

आणि धारवाडला व्ही. व्ही. कामत कामाला लागले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. शाळांमध्ये कन्नड बोलणारी मुले होती तशी मराठी बोलणारीही होती. कामतांनी टर्मन यांची चाचणी घेतली आणि कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत ती नव्याने बसवली. त्यांचा लेख १९३४ साली ब्रिटनमधल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. लेखाच्या शीर्षकातच कन्नड आणि मराठी बोलणारी मुले असा उल्लेख आहे. पुढे १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे पुस्तक काढले. नावाचा अर्थ असा : भारतीय मुलांच्या बुद्धीचे मापन. आज ही चाचणी 'बिने-कामत चाचणी' म्हणून ओळखली जाते.

सीमाभागातल्या भाषावादाबद्दल आपण खूप ऐकतो. त्याच भागातले एक काम असे आहे की ज्यात कन्नड मूल आणि मराठी मूल एकाच पुस्तकात शेजारी बसले आहेत. हे फारसे कुणाला माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

भाषांतर पुरत नाही

तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? इंग्रजी प्रश्नांचे मराठी करायचे. इथेच खरी मेख आहे.

टर्मन यांच्या चाचणीत सहा वर्षांच्या मुलाला चार नाणी ओळखायला सांगत. अमेरिकेतली ती नाणी धारवाडच्या मुलाने कुठे पाहिलेली असणार? म्हणजे वस्तू बदलावी लागते. वस्तू बदलली की प्रश्नाचा अवघडपणा बदलतो. मग तो प्रश्न सहाव्या वर्षाचाच आहे की पाचव्या, हे शेकडो मुलांना विचारून पुन्हा ठरवावे लागते. याला प्रमाणीकरण म्हणतात. हे काम पार पडले नाही तर चाचणी म्हणजे नुसते कोडे.

याहून बारीक गोष्ट पाहा. आकडे ऐकून पुन्हा म्हणण्याचे काम जवळजवळ प्रत्येक बुद्धिचाचणीत असते. आकडे तर सगळीकडे सारखेच, नाही का? आता मोठ्याने म्हणून बघा. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ, नऊ. मराठीत बहुतेक आकडे एका झटक्यात संपतात. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु. प्रत्येकाला किमान दोन अक्षरे लागतात. आकडा उच्चारायला जितका वेळ जास्त, तितके कमी आकडे मनात टिकतात. ब्रिटनमध्ये १९८० साली संशोधकांनी दाखवले की वेल्श भाषेतले आकडे म्हणायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्यामुळे वेल्श बोलणाऱ्यांचे या कामातले गुण कमी दिसतात. डोके तेच, भाषा वेगळी, गुण वेगळे.

म्हणून त्या बाईंचा पहिला प्रश्न इतका महत्त्वाचा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला अर्धवट येणाऱ्या इंग्रजीत प्रश्न विचारले, तर आपण त्याची बुद्धी मोजत नाही, त्याचे इंग्रजी मोजतो. आणि कागदावर मात्र 'बुद्धी' असे लिहिले जाते.

यावर एक उपाय म्हणजे शब्दच टाळायचे. अलाहाबादचे चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली हाताने करायच्या पाच कामांची चाचणी प्रसिद्ध केली. ठोकळे जुळवणे, नमुना काढणे, चित्राचे तुकडे जोडणे अशी कामे. शाळेत न गेलेल्या मुलांनाही ती देता येत होती. उपयोग मोठा झाला. पण ज्या मुलाने पेन्सिल कधी हातात धरली नाही त्याला नमुना काढायला सांगणे, हाही एक प्रकारे परक्या भाषेतला प्रश्नच ना?

बंगळुरूत चाचणी कशी रुजली

१९५४ साली बंगळुरूत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिथे वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. देशभरातून विद्यार्थी येत, शिकत आणि आपापल्या गावी जाऊन दवाखाने उघडत. १९७४ साली ही संस्था आणि जुने मनोरुग्णालय एकत्र करून निम्हान्स झाली.

१९५६ साली भाषावार प्रांतरचनेत धारवाड आणि बंगळुरू एकाच राज्यात आले. कन्नड मुलांसाठी त्यांच्याच भाषेत तयार असलेली चाचणी धारवाडची होती. बिने-कामत चाचणी बंगळुरूच्या आणि देशाच्या दवाखान्यांत रुळली. आजही ती भारतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बुद्धिचाचण्यांपैकी एक आहे.

दुसरी वाट नागपूरहून आली. तिथल्या बाल मार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मालिन काम करत. अमेरिकेतल्या डेव्हिड वेक्स्लर यांची मुलांसाठीची चाचणी त्यांनी भारतीय मुलांसाठी बसवली. १९६९ साली आलेली ही चाचणी तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'मिसिक' म्हणून ओळखली जाते. तिच्यात शब्दांची कामे वेगळी आणि हातांची कामे वेगळी मोजतात. त्यामुळे बोलण्यात मागे पण हाताच्या कामात हुशार असलेले मूल लगेच ओळखू येते.

मालिन यांनी आणखी एक काम केले. व्हाइनलँड नावाची सामाजिक परिपक्वतेची चाचणी त्यांनी नागपुरात भारतीय घरांसाठी बसवली. हिच्यात मुलाला कोडी घालत नाहीत. आईवडिलांना विचारतात : हाताने जेवतो का? बटणे लावतो का? एकटा दुकानात जाऊन येतो का? म्हणजे रोजच्या जगण्यात मूल किती स्वतंत्र आहे, हे त्यातून कळते.

आकड्यावर काय अवलंबून असते

इथपर्यंत इतिहास झाला. आता हे सगळे त्या आठ वर्षांच्या मुलाच्या पोटापाण्यापर्यंत कसे पोचते ते पाहू.

१९९५ साली अपंग व्यक्तींसाठीचा कायदा झाला. २०१६ साली त्याच्या जागी नवा, जास्त व्यापक कायदा आला. नव्या कायद्यात सवलती आणि आरक्षण यांसाठी साधारणपणे ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. २०१८ साली सरकारने टक्के कसे ठरवायचे याच्या सूचना काढल्या. बौद्धिक अक्षमतेसाठी त्यांत बुद्धिचाचणीबरोबर व्हाइनलँड चाचणी घेतली आणि टक्क्यांचा तक्ता तिच्या गुणांवर लावला. ५५ ते ६९ गुण म्हणजे ५० टक्के. ७० ते ८४ गुण म्हणजे २५ टक्के.

हिशेब करा. ६९ गुणांच्या मुलाला ५० टक्क्यांचे प्रमाणपत्र. ७० गुणांच्या मुलाला २५ टक्के, म्हणजे बहुतेक सवलतींच्या बाहेर. एका गुणाचा फरक.

दुसरीकडे विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेली मुले. बुद्धी चांगली, पण वाचताना, लिहिताना किंवा गणित करताना अडखळतात. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. २०१८च्या सूचनांनुसार या अक्षमतेच्या निदानासाठी निम्हान्समध्ये तयार झालेला चाचणीसंच वापरायचा. पण त्याआधी बुद्ध्यंक ८५ च्या वर हवा.

मग ७० ते ८४ मधले मूल? ते बौद्धिक अक्षमतेच्या सवलतीतही बसत नाही आणि अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतही नाही. प्रत्येक वर्गात अशी मुले असतात. शिक्षक त्यांना 'हळू शिकणारी' म्हणतात. बिने यांनी मोजपट्टी बनवली ती अगदी अशाच मुलांना शोधून हात देण्यासाठी. आज तीच पट्टी त्यांना दोन दारांच्या मधल्या ओसरीवर उभे करते.

जुनी पट्टी काय करते

आता सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा. मोजपट्टी जुनी होते.

न्यूझीलंडमधले जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकन लोकांचे बुद्धिचाचणीतले गुण सुमारे १४ ने वाढले. तीन वर्षांनी त्यांनी १४ देशांची माहिती मांडली आणि चित्र तसेच निघाले. माणसे एकाएकी हुशार झाली का? शाळा वाढल्या, आहार सुधारला, चित्रे, आकृत्या आणि कोडी रोजच्या जगण्यात आली. त्यामुळे जुन्या प्रश्नांना नवी मुले जास्त उत्तरे देतात. म्हणून दर काही वर्षांनी चाचणीची प्रमाणके, म्हणजे 'या वयाचे सर्वसाधारण मूल किती करते' याचे तक्ते, नव्याने काढावे लागतात.

कामतांची चाचणी १९३०च्या दशकातल्या मुलांवर बसवलेली आहे. तेव्हा आपल्याकडे आणे आणि पै चालत होते. दशमान नाणी आली १९५७ साली. आजच्या मुलाची तुलना त्या काळच्या मुलाशी केली तर आजचे मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसण्याची शक्यता मोठी. तज्ज्ञांनी हा आक्षेप वेळोवेळी घेतलेला आहे.

हुशार दिसले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. ज्या मुलाला खरोखर मदतीची गरज आहे, त्याचा बुद्ध्यंक जुन्या तक्त्यावर ७५ किंवा ८० दिसतो. मग निदानच होत नाही, प्रमाणपत्र नाही, विशेष शिक्षक नाही. आणि घरी बोलणी बसतात, "डोके तर चांगले आहे म्हणतात, अभ्यासच करत नाही."

म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. भाषा परकी असेल तर मूल खाली ओढले जाते. प्रमाणके जुनी असतील तर वर ढकलले जाते. कधीकधी दोन्ही चुका एकाच मुलाच्या वाट्याला येतात आणि शेवटचा आकडा अगदी व्यवस्थित दिसतो.

यात कामतांना दोष नाही. त्यांनी त्यांच्या काळातले काम त्यांच्या काळातल्या मुलांसाठी चोख केले. चाचणी परत परत बसवणे हे कष्टाचे, खर्चाचे आणि नाव न होणारे काम. ते वेळेवर करत राहणे ही पुढच्या पिढ्यांची जबाबदारी होती.

हुशार मुलांची बाजू

बुद्धिमापन केवळ मागे पडणाऱ्या मुलांसाठी नव्हते. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि बुद्धिमान मुले निवडून त्यांना समाजासाठी घडवण्याचा प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा विचार घेतला. बुद्धी एक नाही, तिच्यात अनेक क्षमता आहेत, असे गिलफर्ड मांडत. म्हणजे मराठी मुलखात एकाच आकड्यावर न थांबणारा विचार त्या काळीच आला होता.

बंगळुरूत राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेनेही प्रतिभावान मुलांसाठी काम केले. त्यात शिक्षकांनी आणि पालकांनी मुलाला दीर्घकाळ पाहून नोंदवलेल्या गोष्टींना मोठे स्थान दिले. तासाभराची चाचणी आणि वर्षभराची नजर, दोन्ही लागतात, हे त्यामागचे साधे शहाणपण.

फायलीतला कागद कसा वाचायचा

आता पुन्हा त्या बाकावर जाऊ. आईच्या हातात कागद आहे. त्यावर आकडा आहे. तिने घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. चार प्रश्न विचारावेत.

चाचणी कोणती होती आणि तिची प्रमाणके कोणत्या काळातली? माझ्या मुलाला कोणत्या भाषेत प्रश्न विचारले? कोणती कामे जमली आणि कोणती अडली? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा : आता आम्ही घरी आणि शाळेत काय करायचे?

चांगला मानसशास्त्रज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला बरे वाटते, कारण त्याचे खरे काम आकड्यानंतर सुरू होते. आणि ज्या अहवालात चौथ्या प्रश्नाचे उत्तर नाही, तो अहवाल कितीही जाड असला तरी अपुरा आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी पालकांना एक विशेष सांगणे. तपासणीच्या वेळी "घरी मराठी बोलतो" हे सांगायला संकोचू नका. शाळा इंग्रजी आहे, मग मराठीचे नाव कशाला काढा, असे वाटू शकते. पण तुमच्या मुलाची बाजू मांडणारी ती पहिली साक्ष आहे. नव्वद वर्षांपूर्वी धारवाडला एका माणसाने मराठी मुलाला मराठीत आणि कन्नड मुलाला कन्नडमध्ये प्रश्न विचारले ते याचसाठी.

आजच्यापुरते इथेच थांबू.